बंद घराचं कलम

सर्व्हेअरने ओट्याखालच्या कपाटाच्या फळीवर अंगठा दाबला, तर तो सरळ आत गेला. प्लायवूडचा पार लगदा झाला होता. त्याने अंगठा रुमालाला पुसला, भिंतीवरच्या काळ्या बुरशीचे मोबाईलवर चार फोटो काढले आणि विचारलं,

“लाइन कधी फुटली म्हणालात?”

“परवा रात्री,” अनंत म्हणाला.

शुभाने जोरात मान डोलावली. ती स्वतः कालच हैदराबादहून परतली होती, लेकीचं, रेवतीचं बाळंतपण उरकून. अडीच महिन्यांनी घरात पाऊल टाकलं आणि आपल्या स्वयंपाकघराची दशा बघून ती मटकन खालीच बसली. भिंतीतली पाण्याची लाइन फुटली, सोसायटीने गच्चीवरचा कॉक बंद केलाय, विम्याचा माणूस उद्या येईल, एवढं अनंतने सांगितलं तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. मुलुंडच्या ह्या घराचा विमा तिनेच हट्टाने उतरवला होता आणि दरवर्षी हप्ता भरताना अनंतची बोलणी खाल्ली होती. त्यामुळे आज भरपाई घ्यायला ती पदर खोचूनच उभी होती.

केयूर शहा नावाचा हा सर्व्हेअर पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस होता. त्याने फाइलीतून एक कागद काढला.

“मॅडम, ही बुरशी दोन दिवसांची वाटत नाय. आणि खालच्या फ्लॅटवाल्यांनी सोसायटीला अर्ज दिलाय. आमचं छत गळतंय आणि वरच्या घराला महिनाभर कुलूप आहे, असं लिहिलंय त्यात.”

“कुलूप? अहो, हे होते ना घरात. मी रोज संध्याकाळी साडेसातला फोन करायचे. आज पेज केली, आज मुगाची खिचडी केली, सगळं सांगायचे मला.”

“मोबाईलवर ना?”

“मग कशावर करणार?” शुभाचा आवाज चढला. “पॉलिसी विकताना गोड बोलता, आणि द्यायची वेळ आली की कुलपाच्या गोष्टी काढता होय?”

शहाला ही बोलणी सवयीची असावीत. तो शांतपणे म्हणाला, “लाइन फुटली तर कव्हर आहेच, मॅडम. पण घर सलग तीस दिवसांच्या वर बंद असेल तर मिळत नाय. तसं कलम आहे. काका, तुम्ही घरातच राहत होता, एवढं इथे लिहून सही करा. बाकी मी बघतो.”

शुभाला हायसं वाटलं. एक सही, की झालं काम. अनंतने पेन हातात घेतलं, कागद वाचला, आणि पेन तसंच ओट्यावर ठेवून दिलं.

“घर बंद होतं,” तो म्हणाला. “एकोणचाळीस दिवस.”

क्षणभर तिला कळेचना, की तो कोणाच्या घराबद्दल बोलतोय. मग चौतीस वर्षांच्या संसारात जे कधी मनात आलं नव्हतं, ते नको नको ते सगळं एका दमात येऊन गेलं.

“कुठे होतात?”

“भांडुपला.”

मधलं नाहूर सोडलं तर पुढचंच स्टेशन. भांडुपला त्यांचं एकच माणूस होतं, अनंतचा थोरला भाऊ नंदकुमार. लग्न न केलेला, तोंडाचा फटकळ. रेवतीच्या लग्नात भर मांडवात त्याने शुभाच्या माहेरच्यांचा उद्धार केला होता, आणि ह्या घरात नंदकुमारचं नाव पुन्हा काढायचं नाही, असं तिने त्याच दिवशी निक्षून सांगितलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली. अनंतने एकदाही नाव काढलं नव्हतं, आणि शुभाला त्याचं मनातून कौतुकच होतं.

“दादाचं लिव्हर गेलं होतं,” अनंत म्हणाला. “बघायला कोणी नाही. दोन दिवस राहू म्हणून गेलो, तर त्याला सोडून निघताच येईना.”

आता कसे आहेत, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर त्याच्या डोक्यावर गेली. केसांचे नुसते खुंट. मिशीही सफाचट. कोंडा झाला म्हणून उतरवले, असं तो काल म्हणाला होता, आणि ह्या वयात कसली फॅशन, म्हणून तिने त्याची यथेच्छ टर उडवली होती. तोही थोडा हसला होता.

“कधी?” तिने विचारलं.

“सोळा दिवस झाले. सगळं मीच केलं. तेरावा करून परवा रात्री घरी आलो, तर इथे हे.”

“आणि मला एका शब्दाने...”

“तू बाळंतिणीपाशी होतीस. आणि त्याचं नाव काढायचं नव्हतं ना.” त्यात टोमणा नव्हता, हेच तिला जास्त लागलं. “फोनवर सांगायचो ते खोटं नव्हतं, शुभा. पेज, खिचडी, सगळं करत होतो. त्याला तेवढंच जायचं.”

शहाने कधीच फाइल बंद केली होती. तो खाली बघत म्हणाला, “मॅडम, मग मी काय लिहू?”

शुभाने फुगलेल्या कपाटांकडे पाहिलं. कपाटाच्या एकेका फळीसाठी तिने सुताराशी किती हुज्जत घातली होती.

“हे म्हणाले तेच लिहा.”

तो गेल्यावरही शुभाला रडू येत नव्हतं, आणि येत नाही ह्याचीही लाज वाटत होती. सुतकाचे दिवस उलटल्यावर कळलं तरी डोक्यावरून एक अंघोळ करायची असते, एवढंच तिला सुचत होतं, आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. तिने रिकामी बादली उचलली आणि समोरच्या फ्लॅटमधल्या सुगंधाची बेल वाजवली.

“बादलीभर पाणी देतेस गं?”

“घे की. पण सकाळी अंघोळीला नेलंस ते पुरलं नाही का?”

“पुरलं. पण परत करायचीय.” मागे आपल्या दारात अनंत येऊन उभा राहिलाय, हे तिला न वळताच कळलं. “माझे मोठे दीर गेले. नंदकुमार त्यांचं नाव. मला आत्ताच समजलं.”