आत्याचं घर, तपासायचं काय?

मित्रांनो, काचेच्या कपाटात, चांदीच्या पेल्याशेजारी पिळदार शिडीसारखं जे काही उभं दिसतंय, तो मी. पाहुणे मला शोभेची वस्तू समजतात. एका बाईंनी तर माझ्यावर कानातले अडकवता येतील का, असंही विचारलं होतं. मी डीएनएचा एक जुना नमुना आहे. तुमच्या अंगातल्या पेशीपेशीत जी सूक्ष्म शिडी असते, तिचीच मी ही तार-मण्यांची मोठी प्रतिकृती.

माझा जन्म जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या एका कारखान्यात झाला. परदेशी पाठवायच्या माळा तिथे बनत. मणी ओवणाऱ्या एका बाईने तांब्याच्या तारेला पीळ देऊन मला घडवलं. लालसमोर पिवळा आणि हिरव्यासमोर निळा, हा नियम तिने कुठेही मोडला नाही. मला बनवून घेतलं होतं गोपीनाथ सरांनी. ते गोपालपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत. वडील रेल्वेत, म्हणून लहानपणीच जयपूरला आलेले. त्यामुळे त्यांचं मराठी निम्मं हिंदीच.

क्लासमधली ती वर्षं माझ्या वैभवाची होती. डॉक्टर व्हायची स्वप्नं घेऊन आलेली मुलं माझ्याभोवती गर्दी करत. सर माझा एक मणी काढून तिथे दुसऱ्या रंगाचा बसवत आणि म्हणत, "देखो, एवढीशी चूक. मतलब, एका मण्यानं अख्खं रक्त बिघडू शकतं." मुलं भराभर लिहून घेत. मला मात्र तो परका मणी निघेपर्यंत चैन पडत नसे. पुढे वर्गात पडद्यावर चित्रं दाखवणारं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. शेवटी सरांनी मला त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीला, वल्लरीला, देऊन टाकलं. अशा रीतीने मी जयपुरातल्याच सोडाल्याला, तिच्या घरी आलो.

वल्लरीचे वडील वसंतराव विमा कंपनीत अधिकारी, मूळचे साताऱ्याचे. बदली होऊन इकडे आले आणि इथेच रमले. माणूस सज्जन, पण वादाचा भारी षौक. रविवारी गोपीनाथ सर चहाला आले की माझ्यावरून जुंपलीच म्हणून समजा.

"सर, ही रचना बघा. एवढा नेटकेपणा आपोआप येतो होय? यामागे योजना आहे. कुणाची तरी बुद्धी आहे."

"वसंतरावजी, शिडीची नक्कल होताना चुका होतात. त्यातली टिकणारी टिकते, बाकी खतम. करोडो वर्षं मिळाली की योगायोगातूनही असं उभं राहतं."

माझी मोठी पंचाईत व्हायची. मला तर एका बाईने बसून घडवलं होतं. तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून यांचं काहीच सिद्ध होणार नव्हतं. पण वादात वस्तूला कोण विचारतो!

वल्लरी बीएस्सी झाली आणि साताऱ्याहून तिच्या आत्या मंदाकिनी आल्या, त्या मागणी घालायलाच. त्यांचा मुलगा अभिजित सीतापुऱ्यातच नोकरीला होता. भावाची लेक सून म्हणून आणायची, यात आमच्या घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या राजस्थानी काकूंनी मात्र कानांवर हात ठेवले; त्यांच्यात असं लग्न चालत नाही. आत्यांनी वल्लरीची हनुवटी धरून उचलली. "बघ, हा आपल्या घराण्याचा रंग! कशी फिकट गोरी. माझा अभीपण अगदी असाच हाय." सगळे कौतुकाने हसले. मला भीती वाटली. वल्लरीने लहानपणापासून लोहाच्या औषधाच्या बाटल्या रिचवल्या होत्या आणि तिच्या गालांवर लाली म्हणून आली नव्हती.

गोपीनाथ सरांनी शंका काढली. दोघांचं रक्त एकदा तपासून घ्या म्हणाले. वसंतराव मोठ्याने हसले.

"अहो, परक्याची पॉलिसी असती तर मीच आधी रक्त तपासायला लावलं असतं. हे माझ्या बहिणीचं घर. आत्याचं घर, तपासायचं काय त्यात?"

सर पुन्हा काही बोलणार, तोच वसंतरावांनी योजनेचा विषय काढला आणि सरही त्यात ओढले गेले. वल्लरी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"बाबा, योजना असू दे नाहीतर योगायोग. मतलब, टेस्ट करायची की नाही?"

"करू गं," वसंतराव म्हणाले आणि पुन्हा सरांकडे वळले. ती तपासणी कधी झालीच नाही. लग्न झालं. अभिजित आणि वल्लरी याच घराच्या वरच्या मजल्यावर राहू लागले.

त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ओवी. सुरुवातीला सगळे तिला घराण्याच्या रंगावर गेली म्हणत. पण चार-सहा महिन्यांत ती दूध टाकू लागली, रडतानाही तिला धाप लागे, पोट फुगलं. मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं, थॅलेसेमिया. आई आणि बाप दोघांच्याही शिडीत तीच एक खोट होती. एकाकडूनच आली असती तर निभावली असती. ओवीकडे ती दोन्हीकडून आली. आता तिला दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागणार, कायमचं. असं मूल होण्याची शक्यता प्रत्येक वेळी चारात एक, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर सर आले तेव्हा वसंतराव माझ्याकडे पाहतही नव्हते.

"सर, ही कुणाची योजना हो?"

"मी तरी कोणत्या तोंडाने योगायोग म्हणू?"

वल्लरी ओवीला खांद्यावर थोपटत होती. "तुमचं दोघांचं झालं असेल, तर शनिवारसाठी रक्त देणारा माणूस हवाय," ती म्हणाली. सर मान खाली घालून उठले. शनिवारी रक्त त्यांनीच दिलं.

मित्रांनो, एवढ्यावर संकट थांबलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. ओवी तीन वर्षांची झाली आणि वल्लरीला पुन्हा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात दिल्लीला जाऊन गर्भाची तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्या लगबगीने साताऱ्याहून आल्या.

"चारात एक म्हणाले नव्हं डॉक्टर? तो एक होऊन गेला. आता पुढची तिन्ही सुखरूप. दिल्लीला कशापायी धावायचं?"

घरात सुटकेचा निःश्वास ऐकू आला. आयुष्यभर लोकांच्या जिवाच्या धोक्याचा हिशोब मांडणारे वसंतरावसुद्धा मान डोलावू लागले. कारण त्यांना ते खरं व्हायला हवं होतं. माझे मणी ताडताड फुटतील की काय असं मला झालं. अहो, शिडी प्रत्येक वेळी नव्याने उलगडते! मागच्या खेपेला काय घडलं, ते तिच्या गावीही नसतं. चारातला तो एक दर वेळी दाराशी नव्याने उभा असतो.

तिसरा महिना सरत चालला होता. या वेळी वल्लरीने कुणालाच काही विचारलं नाही.

"तिकिटं काढलीत. अभी येतोय माझ्याबरोबर. बाबा, तुम्ही ओवीला सांभाळा."

आत्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. वसंतरावांनी नातीचा हात धरला.

तुम्ही मुलं उद्या मोठी व्हाल. तुमच्या अंगातली शिडी कुणी योजून रचली की ती सहज घडत गेली, यावर खुशाल वाद घाला. चांगला वाद आहे तो. पण लग्न ठरवायच्या आधी दोघांचं रक्त तपासून घ्या. माणसं परकी असोत की घरची. घरची असतील तर नक्कीच.

दिल्लीचं उत्तर अजून आलेलं नाही. ते वाईट आलं तर काय करायचं, हा विषय घरात कुणी काढत नाही. वरच्या मजल्यावर वल्लरी येरझाऱ्या घालते, तेव्हा कपाटाची काच हलते. काल शेजारच्या काकूंनी ओवीला मांडीवर घेऊन हसत विचारलं, "ओवी बेटा, भाई चाहिए कि बहन?"

ओवीने आपल्या हातावरचा काळानिळा डाग चाचपून पाहिला.

"जिसको सुई नहीं लगती, वो चाहिए."