दुसऱ्या खोलीतून

आमच्या घरात दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर समोर यायचं, तोंड दाखवायचं, मग बोलायचं.

हा नियम ताईने केला, नऊ वर्षांपूर्वी, माझ्यापायी. मला एक आवाज ऐकू येतो. भूतबीत काही नाही, आजार आहे. त्याच्या गोळ्या आहेत आणि त्या मी वेळच्या वेळी घेतो. गोळ्यांनी आवाज बारीक होतो, पण जात नाही. हा उपटसुंभ स्वतःच्या आवाजात बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो बोलतो माझ्या थोरल्या बहिणीच्या आवाजात. ‘बारक्या, इकडे ये. बारक्या, मेलास का?’ मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, वजन ब्याऐंशी किलो, आणि घरात अजून बारक्याच.

पूर्वी मी प्रत्येक हाकेला उठायचो आणि ताईच्या दारात जाऊन विचारायचो, बोलावलंस का. दिवसातून चाळीस वेळा. तिचा जीव मेटाकुटीला आला. डॉक्टर म्हणाले, एकदा उठलात की तो तुम्हाला दिवसभर नाचवणार. आणखी एक गोष्ट म्हणाले, की त्याला घाबरू नका, तुम्हाला ठाऊक असतं तेवढंच त्याला ठाऊक असतं. तेव्हापासून मागून हाक आली की मी मान खाली घालून काजं करत बसतो.

कोपऱ्यावरचा शिंपी कोट शिवतो आणि हाताची काजं माझ्याकडे देतो. एका काजाला वीस मिनिटं लागतात. तो पिशवी दाराशी ठेवतो, बेल वाजवतो, आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरलेला असतो. सहा वर्षांत एकदा विचारलं नाही, बाबा, कसा आहेस. राग येतो मला. काजं मात्र त्याला माझीच लागतात, दुसऱ्या कुणाची चालत नाहीत.

ताई सकाळी कचेरीत जाते ती दिवेलागणीला येते. ती आली की मी दिवसभराचं बोलून घेतो. तिला कंटाळा येतो, ते दिसतं. तरी मी बोलतो, कारण दुसरं आहेच कोण?

परवा रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली. थोड्या वेळाने धप्प असा आवाज झाला आणि हाक आली, ‘बारक्या, पडले रे. ये लवकर.’

मी सुई ओढली. याआधी त्या आवाजाने तिला तीनदा जिन्यावरून पाडलं होतं. तिन्ही वेळा मी धावत गेलो, तर ताई आपली पेपर वाचत बसलेली. आणि धप्प तर वरचे लोक रोजच करतात. पुन्हा हाक आली, पुन्हा आली. मी उठलो नाही. एक काज पुरं झालं, दुसरं अर्धं. मग बराच वेळ काहीच नाही. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

मग ती बोलली. हळू, दमलेली.

“बारक्या, तुला ठाऊक नाही ते सांगते. माझ्या कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली एक पत्र आहे. माझी बदली झालीय. मीच मागून घेतली. एकवीस तारखेला जातेय मी. जाऊन बघ.”

मी उठलो. न्हाणीघर वाटेतच होतं. दार नुसतं लोटलेलं. मी त्याच्यावरून पुढे गेलो आणि कपाट उघडलं. पत्र नसू दे, असं म्हणत होतो. ते नसतं तर ताई पडलेली नसती, आणि जाणारही नसती.

पत्र होतं. ‘आपल्या विनंतीवरून’ असं छापलं होतं.

मग धावलो. ती ओल्या फरशीवर आडवी होती, पाय भलतीकडे वळलेला, ओठ निळे पडलेले. मी चादर आणून तिच्या अंगावर घातली, रुग्णवाहिकेला फोन केला, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवरच बसलो. किती वेळ हाका मारत होतीस, असं विचारलं. अर्धा तास तरी, म्हणाली. मला माझीच शरम वाटली आणि तिचा रागही आला, दोन्ही एकदम.

“दुसरं काही सांगता आलं नसतं?” मी म्हणालो.

तिने डोळे मिटले.

“खूप आठवून बघितलं रे. बाकी सगळं तुला ठाऊक आहे.”