गॅरेजमधलं बटण

ताई जहाजावर डॉक्टर म्हणून वर्षभरासाठी निघाली, तेव्हा गाडी घरच्या गॅरेजमध्येच ठेवून गेली. गॅरेज धाकटीच्या शिवणाच्या खोलीला लागूनच होतं, मध्ये फक्त एक दार. किल्ली मात्र ताईने आपल्या मैत्रिणीच्या हातात दिली. या मैत्रिणीचं चौकात चष्म्यांचं दुकान, म्हणून धाकटी तिला मनातल्या मनात चष्मेवाली म्हणायची. गाडी आपल्या दारात आणि किल्ली परक्या बाईच्या पर्समध्ये, हे धाकटीला असं झोंबलं की त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी लावली.

गाडी नुसती उभी असली तरी तिचं घड्याळ आणि अलार्म थोडी थोडी बॅटरी खातच असतात. बॅटरी पार उतरली की ती पुन्हा भरेल याचा भरवसा नाही. म्हणून एक छोटा चार्जर सतत जोडलेला ठेवायचा. हिरवा दिवा म्हणजे बॅटरी भरलेली, लाल म्हणजे अजून भरतेय. हे सगळं ताईने समजावलं तेही चष्मेवालीलाच. धाकटी तिथेच चहाचे कप उचलत होती.

दर शनिवारी दुपारी चष्मेवाली यायची. चार्जरचे चिमटे घट्ट आहेत का बघायची, बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी धरली असली तर पुसायची, टायर एकाच जागी दबून राहू नयेत म्हणून गाडी थोडी पुढे ढकलायची. मग तिथूनच ताईला फोन. तिचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. धाकटी मशीन थांबवून कान लावायची. शब्द कळत नसत, ते ती पदरचे घालायची. तिला स्वतःला ताईचा फोन क्वचितच, तोही 'सगळं ठीक ना' एवढ्यापुरता.

एका शनिवारी चष्मेवाली गेल्यावर धाकटीने आत जाऊन चार्जरचं बटण बंद केलं. पुढच्या शनिवारी ती यायच्या जरा आधी चालू केलं. मग हेच सुरू झालं. याने पुढे काय होईल, इतका लांबचा विचार तिने केला नव्हता. ताईने एकदा तरी त्या बाईला चार शब्द सुनवावेत, एवढंच तिला हवं होतं.

दिवा लाल दिसायला लागला. चष्मेवाली आधी म्हणाली, भरेल हळूहळू. मग कुणाचा तरी दुसरा चार्जर मागून आणला. त्याचाही दिवा लालच. शेवटी एका शनिवारी रिमोटने गाडीचं दार उघडेना. किल्ली लावून उघडलं, आत बसून फिरवली, तर साधा टक असाही आवाज नाही.

तिने ताईला फोन लावला तशी धाकटी मधल्या दारात जाऊन उभी राहिली. आता हिला बोलणी बसणार म्हणून मनात उकळ्या फुटत होत्या. पण बोलणं चटकन संपलं.

"काय म्हणाली?" धाकटीने विचारलं.

"नवी बसव म्हणाली आणि ठेवला." चष्मेवालीने चार्जरवर तळहात ठेवला. "हा आठवडाभर चालू असता तर कोमट लागला असता. मी येते तेव्हा गार असतो."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. नाकारायचं तिच्या मनातही आलं नाही. "मग ताईला का नाही सांगितलंस?"

"तुझं नाव काढलं असतं तर ती तासभर तुझ्याबद्दलच बोलत बसली असती." चष्मेवाली पायरीवर टेकली. ताई दर वेळी गाडीचं विचारते आणि मोकळी होते, असं ती सांगत होती. तिची स्वतःची आई पडली होती, ते सांगायला गेली तर ताई 'नंतर बोलू' म्हणाली. ताईच्या खऱ्या गप्पा घरच्यांशी होत असणार, असंच चष्मेवालीने धरलं होतं.

"मग एवढी हसायचीस कशाला?"

"गप्प राहिलं की ती फोन ठेवते."

संध्याकाळी दोघींनी जाऊन नवी बॅटरी आणली. ती अशी जड की दोघींनाही धाप लागली. चष्मेवाली पान्याने बॅटरी धरून ठेवणारी पट्टी आवळत असताना धाकटीने आपल्या फोनवरून ताईला गाठलं आणि बटणाचं सगळं सांगून टाकलं.

ताई भडकली. तू अक्कल गहाण ठेवलीस का, इथपासून सुरुवात झाली ती लहानपणीच्या खोड्यांपर्यंत गेली. धाकटी 'हो' आणि 'चुकलं' म्हणत राहिली. ताई गेल्यापासून ती आपल्याशी इतका वेळ बोललेली नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि बोलणी खाता खाता तिला बरं वाटायला लागलं.

मग तिचं लक्ष चष्मेवालीकडे गेलं. पट्टी केव्हाच घट्ट झाली होती. तरी ती पाना धरून तशीच वाकलेली होती, आणि तिची नजर फोनवर खिळली होती. ती नजर धाकटीला अनोळखी नव्हती. फोन तिच्याकडे द्यावा, असं मनात आलं.

आलं, पण तिने लगेच दिला नाही.