शामकलाचा टिलर

भंगारवाल्याचा प्रश्न साधाच होता. "चालू है क्या, काकाजी?"

छोटेलाल पटले टिनाच्या शेडमधून टिलर अर्धा ओढून तिथेच थांबले. चालू आहे की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. तो सुरू कसा करतात, हेही ठाऊक नव्हतं. मुर्री गावातल्या घरामागची भाजीपाल्याची बाडी आणि ती नांगरायचं हे लहानसं पेट्रोलचं यंत्र, दोन्ही त्यांच्या बायकोच्या, शामकलाच्या हातचं. छोटेलालचं गोंदियाच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. सकाळी जायचे, अंधार पडल्यावर यायचे, ताटात आलेली भाजी खाऊन झोपायचे. ती भाजी कुठल्या वाफ्यातली, हे विचारायची वेळ कधी आलीच नाही.

शामकला गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. मग छोटेलालच्या गुडघ्यांनी दगा दिला तसं दुकानही बंद झालं. रायपूरला नोकरीत असलेला मुलगा दुर्गेश फोनवर म्हणाला होता, "बाबा, ते भंगारात देऊन टाका. उगाच जागा अडवून राहिलं."

"आज नाही देत," छोटेलाल भंगारवाल्याला म्हणाले. तो खांदे उडवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पंप दुरुस्त करणारा ओमेश आला. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, एअर फिल्टर उंदरांनी कुरतडलेला, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आटून डिंकासारखं चिकटलेलं. त्यानं एकेक भाग सुटा करून पोत्यावर मांडला. टाकीतला गंज काढायला रॉकेल आणि मूठभर नट घालून ती हलवायचं काम छोटेलालनं मागून घेतलं. दुपारभर ते अंगणात टाकी खुळखुळवत बसले. मग जमीन कापणारी पाती काढून रेतीनं घासली. आयुष्यभर पितळ चमकवलेला हात, पाती आरशासारखी झाली.

ओमेश हसला. "काकाजी, मातीत जायची हाय ती, लग्नात नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी जोडणी करून ओमेश दुसऱ्या कामाला गेला. छोटेलालनं दोरी ओढली. यंत्र खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. खांदा भरून आला.

"तसा नाही चालू होत तो, भाऊजी." कुंपणापलीकडे शेजारच्या नंदाबाई उभ्या होत्या. "शामकला चोक देऊन आधी दोनदा हलकेच ओढे. मंग चोक अर्धा सोडे, अन् मंग झटका देये."

"तुमाले कसं माहीत?"

"मी रोज पाहूनच तर राहत होती. शामकला बोले त्याच्यासंग. शिव्या बी देये."

"काय बोले?"

नंदाबाईंनी पदर सावरला. "असंच. पोराचा फोन नाही आला. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मानूस काही बोलत नाही म्हने."

छोटेलालनं हात चोकवर नेला. मीठ जास्त पडलेलं त्यांना एकदाही आठवेना. मग नंदाबाईंनी सांगितलं तसं त्यांनी केलं. तिसऱ्या ओढीला टिलर धडधडला, काळा धूर सोडला आणि सुरळीत चालू लागला.

हँडल मात्र त्यांच्या मांडीशी येत होतं. शामकला ठेंगणी होती, तिनं ते खाली उतरवून घट्ट केलेलं. छोटेलाल वाकूनच निघाले. दोन फेऱ्यांत कंबर धरली. यंत्र बंद करून त्यांनी पाना आणला, बोल्टवर लावला, काढून घेतला, पुन्हा लावला. शेवटी हँडल वर केलं. करणं भागच होतं.

उन्हं कलेपर्यंत बाडी नांगरून झाली. ताज्या मातीतले किडे टिपायला बगळे उतरले होते. टिलर बंद केला तशी एकदम शांतता झाली. टिलरशी काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटलं. तोंड उघडलंही, पण पहिला शब्द कोणता, तेच सुचेना. बगळे उडून गेल्यावर ते घरात आले.

सकाळी ते कुंपणाशी गेले. "नंदाबाई, ती कुठं काय लावत होती?"

"काऊन? तुम्ही करता आता?"

"सांगा ना. मी ऐकून राहिलो."

नंदाबाई सांगू लागल्या. विहिरीलगत मेथी, तिथेच बाजूला मुळा, कारण मुळ्याला ओल लागते. सांभार, म्हणजे कोथिंबीर, जरा सावलीला. तिथवर आल्या आणि घरातून नातीनं हाक मारली. "आली वं," म्हणत त्या आत गेल्या. त्या परत येतील म्हणून छोटेलाल कुंपणाच्या काडीला धरून पुष्कळ वेळ उभे राहिले. आतून टीव्हीचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं.

मग ते वळले आणि ऐकलं होतं तेवढंच पेरलं. मेथी, मुळा, सांभार. बाडीचा उरलेला तुकडा नुसताच नांगरलेला, उन्हात वाळत पडला होता.