भरून आलेले फुलपात्र

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम एका ऑफिसातल्या टेबलावर आहे. टेक्सासमधल्या शुगर लँड गावी, एसीच्या गार झोतासमोर. मी स्टीलचे एक जुने फुलपात्र आहे. घोटभर पाणी पिण्याइतपत, काठाशी जरासे उमललेले, बुडाला एक पोचा आलेले.

मी आजवर कोणाला स्वतःबद्दल काही सांगितलेले नाही. भांड्याने काय सांगावे, आणि सांगितले तरी कोणी का ऐकावे, असेच मला वाटत आले. त्यातून माझ्या गोष्टीत देशादेशांमधले करार येतात. ते मला पुरते कळले आहेत की नाहीत, याची अजून शंका आहे. पण जे पाहिले ते सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

मी नागपूरचे. इतवारीतल्या दुकानात दुकानदाराने थरथरणाऱ्या सुईच्या यंत्राने माझ्या अंगावर टिंबाटिंबांची अक्षरे कोरली: 'चि. अंकुर यास बारशाला रेणूमावशीकडून.' मला तेव्हा फार गुदगुल्या झाल्या होत्या. अंकुर दोन वर्षांचा झाला आणि त्याच्या वडिलांना, एकनाथरावांना, ह्यूस्टनजवळ तेलाच्या कंपनीत नोकरी लागली. मग मी मेतकुटाच्या पुडीशेजारी बॅगेत बसून अमेरिकेत आले.

अंकुरची आई सुलभाताई. त्यांच्या घरातला एक नियम मला तुम्हाला सांगायलाच हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. बाहेरून कोणाचे भांडे आले, तर ते रिकामे परत जायचे नाही. चकल्यांचा डबा आला तर जाताना त्यात वड्या जायच्या. घरात काहीच नसेल तर निदान चमचाभर साखर. शेजारचे मोहनकाका हसायचे.

"वहिनी, तुमच्याकडे डबा पाठवणं म्हणजे एफडीच आहे. व्याजासकट परत येतो!"

"मग पुढच्या वेळी मोठा पाठवा," सुलभाताई म्हणायच्या. "या डब्यात तुमचं भागत नाहीसं दिसतंय."

अंकुर माझ्यातून दूध प्यायचा आणि सायीला नाक मुरडायचा. असे करत तो सोळा वर्षांचा झाला. त्या सप्टेंबरात एका सकाळी टीव्हीवर न्यूयॉर्कचे जुळे मनोरे जळताना दिसले. मी ओट्यावर पाण्याने भरलेले होते. दुपारपर्यंत ते पाणी कोणी प्यायले नाही.

थोड्या दिवसांनी जेवताना एकनाथरावांनी सांगितले, "युरोपातल्या देशांशी अमेरिकेचा जुना करार आहे. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पन्नास वर्षांत कधी वापरला नव्हता. सगळ्यांना वाटायचं, वेळ आली तर अमेरिका त्यांच्यासाठी धावेल. आता ते म्हणतायत, आम्ही येतो."

"आपल्यासाठी?" सुलभाताईंनी विचारले.

"करारच आहे तसा."

सुलभाताई थोडा वेळ वाढायच्या थांबल्या. "मग लक्षात ठेवायला हवं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं भांडं आलंय घरात."

पुढे अंकुर सैन्यात गेला. "मेडिकलला जाणार होतास ना रे?" एवढेच एकनाथराव पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. निघायच्या दिवशी सुलभाताईंनी मला डिंकाच्या लाडवांनी भरले, वर कापड बांधले आणि त्याच्या पिशवीत ठेवले.

मित्रांनो, अफगाणिस्तानात मी खूप धूळ पाहिली. दातांखाली येणारी, पाण्यात बसणारी धूळ. अंकुरच्या तळाशेजारी त्या करारामुळे आलेले डेन्मार्कचे सैनिक होते. नकाशात तो देश बोटाच्या पेराएवढा आहे. त्यांच्यातला मिकेल नावाचा लाल दाढीचा, दरवाजाएवढा जवान अंकुरचा दोस्त झाला. माझ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत त्याने विचारले, "हे कुठल्या देशाचं?"

"टेक्सासचं," अंकुर म्हणाला.

"खोटारडा!" म्हणत मिकेलने एक लाडू तोंडात टाकला आणि दातावर हात धरला. "तुझी आई दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे का?"

दुसरा लाडू मात्र त्याने मागून घेतला. अंकुरने उरलेल्या लाडवांसकट मलाच त्याच्या हाती दिले आणि बजावले, "यार, एक लक्षात ठेव. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. आई मला घरात घेणार नाही."

मिकेलने खिशातून एक काळी गोळी काढून दिली. त्यांच्याकडे खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या आवडीने खातात. अंकुरने ती तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. "अरे, हे टायरसारखं लागतंय!"

"छान," मिकेल म्हणाला. "घरून मोठं पुडकं मागवतो आणि काठोकाठ भरून देतो."

त्याचे पुडके यायचे राहिले. एका सकाळी रस्त्यावर पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात अंकुरची गाडी उलटली. डेन्मार्कच्या तळावरून माणसे धावत गेली. मी तेव्हा मिकेलच्या खाटेखाली होते, त्यामुळे पुढचे मला त्याचे सोबती बोलताना कळले. मिकेलने अंकुरला खांद्यावर टाकून बाहेर आणले, भिंतीआड ठेवले आणि दुसऱ्या माणसासाठी तो परत गेला. तेव्हा दुसरा स्फोट झाला.

सोबत्यांनी मिकेलचे सामान आवरले, त्यात मीही गेले. डेन्मार्कमध्ये त्याच्या वडिलांनी, हेन्रिकनी, मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. ते एकटेच राहत. बायको आधीच वारली होती. काही दिवसांनी जर्मनीतल्या लष्करी इस्पितळातून फोन आला. हेन्रिकना जरा कमी ऐकू येई, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर ठेवला. मी अंकुरचा आवाज ओळखला. तो रडत होता.

"सर, मी वचन देतो. या युद्धाबद्दल मी जिथे तोंड उघडेन, तिथे पहिलं नाव मिकेलचं घेईन."

हेन्रिक फोनजवळ वाकले. मग म्हणाले, "माझ्यासाठी तेवढं पुरे आहे."

त्या खिडकीत माझी बरीच वर्षे गेली. हिवाळ्यात दुपारीच अंधारायचे. अंकुर कधी शाळेत बोलायचा, कधी महाराष्ट्र मंडळात, आणि प्रत्येक वेळी हेन्रिकना व्हिडिओ पाठवायचा. ते चष्मा पुसून पाहायचे. एका व्हिडिओत लाडवांची आणि यायच्या राहिलेल्या पुडक्याची गोष्टही होती. मिकेलचे नाव आले की मान हलवायचे आणि मग चहा टाकायचे. मला वाटायचे, मी परक्या घरी असले तरी माझ्या घरचे लोक शब्दाचे पक्के आहेत. मला त्याचा अभिमान होता.

गेल्या वर्षी अंकुर वॉशिंग्टनच्या काँग्रेससाठी, म्हणजे तिथल्या संसदेसाठी, निवडणुकीला उभा राहिला. ते कळल्यावर हेन्रिकनी मला खिडकीतून उचलले. ऐंशीच्या घरातला तो माणूस विमानांमागून विमाने बदलत शुगर लँडला आला. दारात उभ्या असलेल्या सुलभाताईंच्या हातात त्यांनी मला दिले. मी काठोकाठ भरलेले होते, खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांनी.

"मुलाचं राहिलं होतं," हेन्रिक म्हणाले.

सुलभाताईंनी मला दोन्ही हातांनी घेतले. तिथेच उंबऱ्यात एक गोळी तोंडात टाकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, काही चवीने आणि काही कशाने ते मला सांगता येणार नाही. पण त्यांनी ती थुंकली नाही.

"चांगली आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"तुम्ही फार सभ्य आहात," हेन्रिक म्हणाले, आणि दोघेही हसले.

दुसऱ्या दिवशी माजी सैनिकांसाठी मोठा कार्यक्रम होता. अंकुरने गोळ्या डब्यात ओतल्या, मला विसळले आणि लोकांना दाखवायला बरोबर घेतले. हेन्रिक आणि सुलभाताई दुसऱ्या रांगेत बसले. हेन्रिकनी मुलाचे पदक कोटाला लावले होते. मी व्यासपीठावर होते, मला सगळे दिसत होते.

आधी एक पाहुणे पुढारी बोलले. "आपल्यावर हल्ला झाला तेव्हा आपण एकटे लढलो," ते म्हणाले. "या दोस्त देशांनी काय केलं? झेंडे पाठवले आणि मागे बसून राहिले. उद्या त्यांच्यावर संकट आलं, तर आपल्या मुलांनी का मरायचं?"

टाळ्यांनी सभागृह दणाणले. हेन्रिकनी कानातले यंत्र नीट बसवले. त्यांना वाटले असावे, आपण चुकीचे ऐकले. मग ते अंकुरकडे पाहू लागले. त्या पाहण्यात काळजी नव्हती, मित्रांनो. अंकुर आता उठेल आणि नाव घेईल, याची त्यांना खात्री होती. मलाही होती.

अंकुर उठला. त्याने मला उंच धरले. रेणूमावशीचे नाव वाचले, बारशाचा अर्थ सांगितला. लोक हसले, खूश झाले. मग तो म्हणाला, "हा कप माझ्याबरोबर अफगाणिस्तानात गेला आणि माझ्याबरोबरच परत आला. माझी गाडी उडाली तेव्हा आपल्या शूर मुलांनी मला बाहेर काढलं."

त्याचा तळहात घामाने ओला झाला होता. मी निसटेन की काय, असे मला वाटले. खरे सांगू? पडून मोठा आवाज करावा, असेही वाटले. पण त्याची पकड घट्ट होती.

सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोन माणसे तेवढी बसलेली होती. हेन्रिक कोटावरचे पदक काढत होते. पिन अडकत होती, आणि सुलभाताई त्यांना मदत करत होत्या.

पार्किंगमध्ये ऊन रणरणत होते. हेन्रिकना गाडीत बसवून सुलभाताई अंकुरकडे वळल्या.

"नाव का नाही घेतलंस?"

"आई, आजचा क्राउड तसा नव्हता ना. त्या भाषणानंतर मी मिकेलचं सांगितलं असतं, तर फिनिश झालो असतो."

"तो तुला उचलायला आला, तेव्हा क्राउड बघून आला होता का?"

"तू समजून घे ना. मी निवडून आलो तर या करारासाठी व्होट करेन. मिकेलच्या देशासाठीच! एका भाषणानं काय होतं?"

"त्या माणसानं आयुष्यात तुझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं."

"मी त्यांना सॉरी म्हणतो."

"म्हण जा. ते पुढे बसलेत."

अंकुर गाडीपर्यंत गेला. हेन्रिकनी काच खाली केली. "सर..." म्हणत अंकुर खिडकीशी वाकला. हेन्रिकच पुढे म्हणाले, "तू जिवंत आहेस, याचं मला आजही बरं वाटतं." आणि काच वर केली. मला वाटते, ते रागावले असते तर अंकुरला सोपे गेले असते.

हेन्रिकच्या परतीच्या सकाळी सुलभाताईंनी डिंकाचे लाडू वळले आणि माझ्यात भरले. हेन्रिकनी लाडू रुमालात बांधून घेतले, मला मात्र हळूच मागे सरकवले.

"हे नको. परत यायचं तर भरून यायला हवं. मी पुन्हा यायचा नाही, आणि ते करायला माझ्यामागे कोणी नाही."

त्या दिवसापासून मी वरच्या फळीवर पालथे पडून होते. एकनाथरावांनी एकदा विचारले, "किती दिवस धरून बसणार आहेस?" सुलभाताई वड्या थापत राहिल्या. महिनाभराने अंकुर आला. पुढच्या सभेच्या गडबडीत होता.

"आई, माझं फुलपात्र दे ना. मागच्या वेळी लोकांना खूप टच झालं."

सुलभाताईंनी मला खाली काढले. पुसले. ओट्यावर चिवड्याचा डबा उघडा होता, शेजारी वड्यांचे ताट होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझं नाव आहे त्याच्यावर."

अंकुरने आत पाहिले. मग आईकडे पाहिले. "आई... रिकामं?"

"हो."

त्या घरातून इतक्या वर्षांत गेलेले ते पहिले रिकामे भांडे. सभेला त्याने मला नेले नाही. इथे ऑफिसात आणून टेबलावर ठेवले. एकदा त्याने तीन पेने माझ्यात ठेवायला उचलली, अक्षरांकडे पाहिले आणि ती पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकली. तेव्हापासून मी असेच उभे आहे. मिकेलचे नाव त्याने पुढे कुठे घेतले का, हे मला ठाऊक नाही. निदान या खोलीत तरी मी ते ऐकलेले नाही.

मित्रांनो, मोठ्या देशांना मी काही सांगावे, एवढी माझी योग्यता नाही. तुम्हाला मात्र सांगते. अडचणीत कोणी तुमच्या दाराशी धावून आले, तर त्याचे नाव लक्षात ठेवा. ते नको असलेली माणसे समोर बसलेली असतील, तेव्हा तर ते नक्की घ्या. मनातल्या मनात घेतलेले नाव दुसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचत नाही.

तिकडे डेन्मार्कमध्ये एका खिडकीच्या लाकडावर माझ्या बुडाचा गोल डाग राहिला असेल. हेन्रिक तो अजून पुसत नसतील, असे मला उगाचच वाटत राहते.