खुळखुळा नसलेला साप

नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला, भरदुपारी, ओन्दिनाबाईच्या अंगणात, खुळखुळ्या साप चावून जुवेनाल मेला. पण ते सोडा. तो मेलाच नाही असं धरून पुढं जाऊ. त्याचीही तशीच इच्छा होती.

सुरुवात त्याच्या व्हिओलापासून, म्हणजे गिटारीसारख्या वाद्यापासून झाली. दहा तारा, लाकूड उत्तम, पण आवाज असा की जणू पोटात दुखतंय. ग्रोता फुंदा या त्याच्या गावात सणाच्या दिवसांत गाणाऱ्यांची टोळी निशाण घेऊन बाळ येशूची गाणी म्हणत दारोदार फिरते, आणि टोळीची पहिली व्हिओला जुवेनालकडं होती. टोळीचा कप्तान तिबुर्सियो त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "कंपाद्रे, गड्या, असं वाजवलंस तर तिन्ही राजे बाळ येशूला न भेटताच अर्ध्या रस्त्यातून परत जातील." पुढच्या वर्षी पहिली व्हिओला दुसऱ्या कुणाकडं जाईल, हेही त्यानं ऐकवलं.

यावरचा उपाय गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता: व्हिओलाच्या पोटात खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा खुळखुळा टाकायचा. मात्र तो जिवंत सापाचा कापलेला हवा आणि साप जिवंतच सोडायला हवा, नाहीतर खुळखुळा मुका होतो. जुवेनालनं मक्याच्या शेतात उंदीर गिळून सुस्तावलेला साप बेचक्यानं दाबला, एक डोळा मिटून सुरी चालवली आणि घरापर्यंत पळत आला. व्हिओला अशी खणखणायला लागली की तिबुर्सियोनं टोपी काढली. जुवेनालपुढं नाही, व्हिओलापुढं.

मग त्याची बायको इरासी घेवडा निवडता निवडता म्हणाली, "आणि आता तो साप कुठं आहे हे कळायचं कसं?"

जुवेनालनं विचार केला आणि त्याची झोप गेली. खुळखुळ्या तसा सभ्य प्राणी. चावायच्या आधी वाजतो. आजवर जुवेनाल खुळखुळ ऐकू आली की घाबरायचा. आता ऐकू आली नाही की घाबरू लागला, आणि ऐकू न येण्याला काही अंत नसतो. बुटात काही वाजत नव्हतं. पलंगाखाली काही वाजत नव्हतं. माठामागं तर अजिबातच काही वाजत नव्हतं.

बातमी फुटली. लोक पाय वर घेऊन जेवू लागले. शेवटी सगळे तिबुर्सियोच्या ओसरीवर जमले आणि ठरलं, की खुळखुळा ज्याच्याकडं, वाजायची जबाबदारी त्याच्याकडं. साप जिथं असेल तिथं जुवेनालनं वाजायचं. साप कुठं आहे ते मला ठाऊक नाही, असं त्यानं सांगून पाहिलं. म्हणून तर सतत वाजव, असं त्याला समजावण्यात आलं. तेव्हापासून बायका धुणं घेऊन नदीवर निघाल्या की जुवेनाल पुढं, गुरं सुटली की जुवेनाल पुढं. म्हणजे सापाला पहिला सापडणार तो जुवेनालच.

सणाच्या दिवशी टोळी ओन्दिनाबाईच्या दारात उभी राहिली. आगमनाचं गाणं मध्येच तोडायचं नसतं. तोडलं तर त्या घराला वर्षभर अवकळा येते. तिसऱ्या कडव्याला जुवेनालच्या डाव्या पावलावर काहीतरी जड आणि गार येऊन बसलं. त्यानं खाली बघितलं नाही. मग बघितलं. वेटोळ्याच्या मधोमध एक थोटकं शेपूट उभं राहून थरथरत होतं. त्याचा आवाज व्हिओलातून येत होता.

हात चालू होता तोवर साप गप्प पडून होता. हात जरा मंदावला की मान वर यायची.

गाणं संपलं. निशाण आत गेलं, निशाणामागं माणसं गेली, आतून कोंबडीच्या रश्शाचा वास आला. तिबुर्सियो उंबऱ्यावरून म्हणाला, "कंपाद्रे, पुरे झाली भक्ती. जेवायला ये."

"तुम्ही सुरू करा," जुवेनाल ओठ न हलवता म्हणाला.

इरासी मात्र नवऱ्याला ओळखून होती. ती बाहेर आली, तिनं त्याच्या पायाकडं बघितलं आणि जागच्या जागी भिंत झाली. "त्याचं त्याला देऊन टाक," ती कुजबुजली. पण खुळखुळा काढायचा तर व्हिओला उलटी करायला हवी, आणि उलटी करायची तर हात थांबवायला हवा. बोटांची सालटी निघत होती. जुवेनालला वरचढाशी बोलायची एकच भाषा येत होती, कचेरीच्या खिडकीवरची. तीच त्यानं काढली.

"माननीय महोदय, सदर खुळखुळा अर्जदाराकडून आपणास परत मिळेपर्यंत चावण्याची कार्यवाही कृपया तहकूब ठेवावी. तसेच अर्जदाराच्या डाव्या पायावरील आपला मुक्काम तूर्त अन्यत्र हलवावा, ही नम्र विनंती. यास आपली काही हरकत असल्यास नेहमीप्रमाणे आगाऊ वाजवून कळवावे."