माहीनची टाळू

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफीच्या मशीनला वायरने जोडलेला, डॉक्टरांच्या मुठीत मावणारा. कुवेतमधल्या अर्दियाच्या गोदामातून तिथल्याच एका इस्पितळात आलो, तेव्हापासून माझं काम एकच. नवजात बाळाच्या टाळूवर अलगद टेकायचं आणि आतला मेंदू पडद्यावर दाखवायचा. टाळूला हाड नसतं ना, तिथूनच मला आत बघता येतं. बाळाला दुखत नाही; जेल गार लागतं म्हणून ते तोंड वेडंवाकडं करतं, इतकंच.

मशीन एक आणि बाळं खंडीभर, म्हणून नियम ठरला. आईच्या पोटात बत्तीस आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाला तपासायचं, बाकीच्यांना मेंदूच्या त्रासाचं लक्षण दिसलं तरच. नियम वाईट नव्हता. त्यामुळे कित्येकांना वेळेवर उपचार मिळाले आणि माझंही फार कौतुक झालं.

माहीन बत्तीस आठवड्यांच्या त्या रेघेच्या जराशी पलीकडे जन्मली. सुरुवातीला श्वासाचा त्रास झाला, मग छान दूध पिऊ लागली. पुण्याच्या डॉक्टर नेहा मला हातात घेऊन तिच्यापाशी थांबल्या.

"नियमात बसत नाही," त्या नर्सला म्हणाल्या, "आणि पलीकडे तिघं थांबलीयेत."

मला बाजूला ठेवलं. माहीन सबाह अल-सालेम भागातल्या आपल्या घरी गेली.

तिची आजी सुगराबी बाळंतपणासाठी रत्नागिरीहून आली होती. रोज नातीच्या टाळूवर खोबरेल जिरवायची. पुढे टाळू वर आली, तेव्हा बिचारीला आनंदच झाला. तेल लागू पडलं, टाळू लवकर भरली, असं तिने गावी फोन करून सांगितलं. माहीन दूध उलटून टाकू लागली, तेव्हा कुठे तिची आई लुबना तिला घेऊन धावत आली.

नेहांनी मला टाळूवर टेकवलं. ती टणक लागली. आत जुना रक्तस्राव होता, पाणी साचून मेंदू दबला होता. मला रडता येत नाही, मित्रांनो. तेव्हा यायला हवं होतं.

शस्त्रक्रिया झाली. माहीन वाचली, पण ती चालेल का, हे कुणालाच सांगता येत नाही.

"डाक्टरीणबाय, माज्या तेलान तर नाय ना झाला?" सुगराबीने विचारलं.

"नाही हो, आजी. रक्तस्राव जन्मानंतर लगेचच झाला होता. मी तेव्हा बघितलं असतं, तर आधी कळलं असतं."

सुगराबीला पटलं की नाही, कोण जाणे. तिने नातीच्या डोक्यावरचं जेल ओढणीने पुसलं, पण टाळूला बोट लागू दिलं नाही.

आता रेघ थोडी पुढे सरकवायची चर्चा चालू आहे. कुठेतरी ती मारावीच लागते, हे मलाही कळतं. पण मित्रांनो, मोठे होऊन डॉक्टर झालात आणि एखाद्या बाळापाशी मन अडखळलं, तर थोडा वेळ काढा. उशीर झाला की मला नुसतं दाखवता येतं.